उपमेय, उपमान आणि आपला वर्ग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकाने माझी ओळख ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी करून दिली आणि लगेच मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “माझा मोबाईल हँग होतो, बघशील का?” मी ऐकलंय. जेवणानंतर बघते. संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आज मी अलंकारांवर बोलणार आहे. अंगावरच्या नव्हे, व्याकरणातल्या. आपल्या मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे माझे पाय थोडे लटपटताहेत. चुकलं तर बाई, नेहमीसारखं मध्येच थांबवा.

आधी आपला काळ आठवूया. तेव्हा सरावली ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. लोकल विरारला संपायची आणि बोईसरला यायचं तर शटलची वाट बघायची. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि पाडे, आणि पलीकडे समुद्राकाठी १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुशक्ती केंद्र. आपल्या वर्गात कुणाचे वडील कारखान्यात पाळीवर, कुणाचे रेल्वेत, कुणाची वाडी, कुणाची मासेमारी, आणि मागच्या दोन बाकांवर पाड्यावरची मुलं. घरी बोलायची भाषा प्रत्येकाची वेगळी होती. पुस्तकातली मराठी मात्र सगळ्यांना सारखीच परकी होती, हे मला फार उशिरा कळलं.

अलंकारांचा प्रश्न तुम्हाला आठवत असेल: ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा व स्पष्टीकरण द्या.’ हातचे गुण! आपण सगळ्यांनी त्यासाठी एक युक्ती पाठ केली होती. ओळीत ‘सम, समान, सारखा, परी, प्रमाणे’ यांपैकी शब्द दिसला की उपमा. ‘जणू, जणुकाय, गमे, वाटे, भासे’ दिसला की उत्प्रेक्षा. यांतलं काहीच नसेल आणि तरी काहीतरी गडबड वाटत असेल तर रूपक. आज विचार करते तेव्हा वाटतं, माझा पहिला प्रोग्रॅम तोच होता. शब्द शोध, सापडला तर हे उत्तर, नाही तर ते. ओळीचा अर्थ कळण्याची गरजच नव्हती. मला त्यात पैकीच्या पैकी मिळायचे आणि मी स्वतःला भाषेत हुशार समजायचे.

नववीतला एक तास मात्र त्या युक्तीत बसला नाही. जुलै महिना होता. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. बाई म्हणाल्या, “पुस्तकं मिटा. काल संध्याकाळचं आभाळ कसं होतं, ते प्रत्येकाने उपमा देऊन सांगा. आपली उपमा, पुस्तकातली नको.” आपण काय सांगितलं? कुणी गुलाबासारखं, कुणी कुंकवासारखं. मी ‘लाल कमळासारखं’ म्हणाले होते. कमळ मी तोवर फक्त वहीच्या पुठ्ठ्यावर पाहिलं होतं.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पाड्यावरून चालत यायची, फार बोलायची नाही. तिचं नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे सांगते. ती म्हणाली, “आभाळ नाल्याच्या पाण्यासारखं लाल होतं.”

वर्ग हसला. आपण सगळ्यांनी तो नाला पाहिला होता. कारखान्यांच्या मागून वाहायचा, एखाद्या दिवशी निळा, एखाद्या दिवशी लालभडक. तिच्या घरची वाट त्याच्या काठानेच जायची. हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. खाली चार रकाने आखले. उपमेय: आभाळ. उपमान: नाल्याचं पाणी. साधारण धर्म: लाल रंग. साधर्म्यवाचक शब्द: सारखं. मग म्हणाल्या, “चारही अंगं पूर्ण आहेत. आता ज्यांनी कमळ सांगितलं, त्यांनी हात वर करा आणि कमळ कुठे पाहिलं ते सांगा.” एकही हात वर झाला नाही. बाईंनी पुढे भाषण दिलं नाही. तास संपला.

आपल्यासाठी तो संपला नव्हता. मधल्या सुट्टीत कुणीतरी डब्यात उपमा आणला होता. रव्याचा, कढीपत्ता घातलेला. तो डबा बघून मला कोटी सुचली, आणि मी तिला हाक मारली, “ए उपमा!” श्लेष अलंकाराचं इतकं सोपं उदाहरण पुस्तकातही नसेल: एक शब्द, दोन अर्थ. नाव चिकटलं. मुलंही म्हणू लागली, मग खालच्या वर्गातलीही. ज्यांना त्या तासाची गोष्ट ठाऊक नव्हती तेसुद्धा. तिने त्यानंतर वर्गात उत्तर दिलेलं मला आठवत नाही. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. तिच्या घरचे दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. त्या वर्षी तीही गेली. माझ्या कोटीमुळे तिने शाळा सोडली असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणं होईल. कारणं पोटाची होती. पण शाळेकडे ओढून ठेवणारा एखादा धागा तिच्याकडे असला, तर तो तोडणाऱ्यांत मी होते. इतकं मला माझ्या नावावर मांडावंच लागेल.

पुढे मी इंजिनिअर झाले, ऐरोलीला नोकरी लागली, आणि गंमत बघा, जिथे भाषेशी संबंध सुटला असं वाटलं तिथे अलंकारच अलंकार भेटले. आमच्या धंद्यात खरी नावं फार थोडी. विंडो ही खिडकी नाही, माऊस हा उंदीर नाही, फोल्डरला पुठ्ठा नाही, व्हायरसने ताप येत नाही. सगळी रूपकं. चुकीला आम्ही ‘बग’ म्हणतो, म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. पण हा शब्द त्याहून जुना आहे; एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातल्या दोषासाठी तो वापरला होता. म्हणजे आधी रूपक आलं, किडा सत्तर वर्षांनी सापडला.

दुसरं उदाहरण कामाचं आहे. १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅमला कर्जाची उपमा दिली. आज काम पटकन उरकलं म्हणजे उधारी केली. ती वेळेत फेडली तर ठीक, नाही तर पुढच्या प्रत्येक बदलात व्याज जातं. ही तुलना मी कितीतरी वेळा वापरली आहे. पन्नास पानांच्या अहवालाने न पटलेलं वरिष्ठांना ‘व्याज’ या एका शब्दाने पटतं, कारण कर्ज सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. पण काही रूपकं फसवतातही. ‘क्लाउड’ म्हटलं की लोकांना वाटतं आपले फोटो ढगात गेले, तिथे काही बिघडत नाही. ते कुठल्यातरी इमारतीत, कुणाच्यातरी मालकीच्या यंत्रावर असतात. तिथे वीज लागते, पाणी लागतं, तिथेही बिघाड होतो. रूपक कुठवर जुळतं आणि कुठे सुटतं हे न बघणाऱ्याचं नुकसान होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात सुटं सुटं होतं. ते एकत्र आलं २०२० मध्ये. टाळेबंदीत मी सरावलीला आई-बाबांकडे येऊन राहिले आणि घरूनच काम करू लागले. पुढे निर्बंध सैल झाल्यावर शेजारची दोन मुलं व्याकरण विचारायला यायला लागली. दोनाची अकरा झाली. आता रविवारी सकाळी आमच्या ओटीवर वर्ग भरतो, आणि मी त्यासाठी ठाण्याहून येते. आपल्या वेळेपेक्षा आजचा वर्ग अधिक मिश्र आहे. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी उडिया, कुणाच्या घरी वारली, कुणाच्या घरी वाडवळी. शिकायचं मात्र मराठी माध्यमात.

पहिल्या रविवारी मी तीच जुनी युक्ती शिकवली. सारखा म्हणजे उपमा, वाटे म्हणजे उत्प्रेक्षा. नववीतल्या एका मुलाने विचारलं, “ताई, ‘आई, मला ताप आल्यासारखं वाटतं’ यात दोन्ही शब्द आहेत. मग उपमा की उत्प्रेक्षा?” मी गप्प झाले. त्यात अलंकार नाही, त्यात फक्त ताप आहे. ‘माझी बॅग तुझ्या बॅगेसारखी आहे’ यातही अलंकार नाही, कारण दोन्ही बॅगाच. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींत न दिसलेलं साम्य कुणीतरी पाहिलं, तर ती उपमा. माझा तीस वर्षांचा प्रोग्रॅम एका प्रश्नात कोसळला.

त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं काढून वाचली आणि मुलांना धीर येईल अशा काही गोष्टी सापडल्या. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी ते वाढवत नेले आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ते शंभराच्या वर गेले. मुलं म्हणाली, “भरतमुनीच बरे!” अलंकार या शब्दातला ‘अलम्’ म्हणजे पुरेसं. साधा शब्द अपुरा पडतो, तेव्हा तो पुरेसा करण्यासाठी अलंकार येतो. आणि आपली मराठी तर दृष्टांतांवरच वाढली आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत सांगताना एका कल्पनेसाठी एकापाठोपाठ एक उपमा दिल्या, त्याही शेत, पाणी, दिवा, आई-मूल अशा रोजच्या जगातून. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून.

मग मी बाईंचीच पद्धत उचलली. आधी वस्तू, मग वाक्य, सगळ्यात शेवटी अलंकाराचं नाव. मुलांना सांगितलं, या आठवड्यात तुम्ही स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं काहीतरी घेऊन या. त्यांनी काय आणलं, ऐका.

एकीने आणलं: ‘गाडी सुटली की फलाट पंगत उठल्यासारखा दिसतो.’ ही उपमा. एकाचे वडील रात्रपाळीला असतात. तो म्हणाला, ‘रात्री कारखान्याचे दिवे म्हणजे जणू जत्राच भरली आहे.’ ही उत्प्रेक्षा. ‘आजीच्या कपाळाच्या नकाशावर आमचं सगळं गाव आहे’, हे रूपक; इथे सारखं नाही, जणू नाही, कपाळ थेट नकाशा झालं. वारली घरातली मुलगी म्हणाली, ‘हा वारा नव्हे, कुडातून तारपा वाजतोय.’ खरी गोष्ट नाकारून तिथे दुसरी बसवली, म्हणजे अपन्हुती. ‘आत्याचं बोलणं घोलवडच्या चिकूपेक्षा गोड’, हा व्यतिरेक, कारण उपमेयाने उपमानावर मात केली. ‘सायरन झाला की आमची चाळ डोळे चोळत उठते’, ही चेतनगुणोक्ती. आणि अतिशयोक्तीला तर स्पर्धाच लागली. जिंकलेलं वाक्य असं: ‘लोकलला इतकी गर्दी होती की मला श्वास आत घ्यायला शेजाऱ्याने आधी बाहेर सोडावा लागला.’ तुम्ही हसताय, पण तुमच्यातले काही रोज हेच करताय.

यातलं एकही वाक्य पुस्तकातलं नाही. नावं मी नंतर दिली. ज्याने स्वतः अपन्हुती केली, तो अपन्हुती विसरत नाही. परीक्षेतही विसरत नाही, हे पालकांसाठी सांगते.

बाईंच्या चार रकान्यांना मी एक पाचवा जोडला. ते माझ्या धंद्याचं देणं. रकान्याचं नाव: ‘कुठे जुळत नाही?’ प्रत्येक उपमेला हा प्रश्न विचारायचा. फलाट पंगतीसारखा, पण पंगतीतून लोक पोट भरून उठतात, फलाटावरून उपाशीही जातात. जत्रा हौसेची असते, रात्रपाळी हौसेची नसते. कधीकधी मुलं या पाचव्या रकान्यातच खरं काय ते लिहून जातात. वडिलांचा दिवा जत्रेचा नाही, हे लिहिल्यावर तो मुलगा बराच वेळ काही बोलला नव्हता.

हा पाचवा रकाना भरता भरता मला नववीतली ती मधली सुट्टी पुन्हा दिसली. तिने म्हटलं होतं ‘नाल्याच्या पाण्यासारखं’. त्या ‘सारखं’ने अंतर राखलं होतं. आभाळ आभाळच राहिलं, नाला नालाच राहिला. मी काय केलं? मी ‘सारखं’ काढून टाकलं. माणसाला थेट एक नाव चिकटवलं. टोपणनाव हे रूपकच असतं, फक्त त्यात समोरच्याला ‘मी तशी नाही’ म्हणायला जागा उरत नाही. ‘कुठे जुळत नाही’ हे कुणी विचारत नाही. चिडवणं, जातीवरून हाक मारणं, ‘ढ’ म्हणणं, सगळं याच व्याकरणाने चालतं. म्हणून माझ्या वर्गात आता एक नियम आहे: वस्तूंना रूपक, माणसांना फार तर उपमा, आणि तीही त्यांना विचारून.

या मेळाव्यासाठी फोन नंबर जमवण्याचं काम माझ्याकडे होतं, हे तुम्हाला माहीत आहे. यादी मिळाली ती दहावीच्या परीक्षेला बसलेल्यांची. तिच्यात तिचं नाव असणं शक्यच नव्हतं. मी विचारपूस करत राहिले. शेवटी आपल्यातल्याच एकाने पत्ता काढून दिला. ती इथून फार लांब राहत नाही. पॅकिंगच्या कामाला जाते. मुलगी तिची बारावीला आहे.

मी तिला भेटायला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, ती सगळी तिच्या दारात विसरले. सरळ म्हणाले, “मी तुला उपमा म्हणायचे. चुकलं माझं.” ती म्हणाली, नाव आठवतं. राग यायचा, पण सगळ्यात जास्त कोड्यात पडायची, कारण खायचा उपमा तिने तेव्हा खाल्लाच नव्हता; सगळे कशाला हसतात ते तिला कळायचं नाही. मग थोडं थांबून म्हणाली की बाईंनी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं, तेही आठवतं. शाळेत तिचं वाक्य फळ्यावर गेलं ते तेवढंच. आणि बाई, तिने उपमेय आणि उपमान मला चहा पिताना बिनचूक सांगितलं.

मी तिला आज यायचा आग्रह केला. ती म्हणाली, “तुम्ही सगळे दहावीवाले. मी कशाला येऊ?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तिचं नाव मी घेत नाही. ते घ्यायचं की नाही, हे यावेळी तिने ठरवायचं.

पण तिचा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवते आहे. आपण ‘१९९६ ची बॅच’ म्हणतो, ती दहावीच्या यादीवरून. आठवीच्या हजेरीपटात आपल्याबरोबर होते आणि वाटेत गळले, ते कोणाचे वर्गमित्र? आपल्याशेजारी बसून त्यांनीही पाढे म्हटले, प्रार्थना म्हटली, मार खाल्ला. संयोजकांना माझी विनंती आहे: पुढच्या मेळाव्याची यादी आठवीच्या हजेरीपटावरून करा. जुना हजेरीपट शाळेत मिळाला, तर नावं टाइप करायचं आणि माणसं शोधायचं काम मी करते. कॉम्प्युटर येतो मला, तेवढा तरी उपयोग होऊ दे. आणि या स्मरणिकेची एक प्रत मी तिच्या घरी स्वतः नेऊन देणार आहे.

बाई, तुम्ही आम्हाला अनन्वय शिकवला होता: जिथे उपमेयाला दुसरं उपमानच सापडत नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. तेव्हा मी उदाहरण पाठ करून लिहिलं होतं. आज स्वतःचं देते. आमच्या बाईंसारख्या आमच्या बाईच. पाचवा रकाना इथे रिकामा आहे.